दोरी धरण्याआधी अंग सोडवा: स्नायूंना ताण देण्याचे प्रकार आणि पद्धत

मंडळी, बंदी उठायला आता मोजकेच दिवस राहिले. १ जूनला उभ्या केलेल्या बोटी १ ऑगस्टला पुन्हा बाहेर पडणार. जेटीवर काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. कोणाचा तळाचा रंग चाललाय, कोणाचं इंजिन उघडून ठेवलंय, कोणी विंचला ग्रीस भरतोय, शेडमध्ये जाळी पसरून फाटलेलं शिवणं चाललंय. या ६१ दिवसांत बोटीच्या एकेका खिळ्याची चौकशी होते. पण ज्या पाठीवर आणि ज्या खांद्यांवर ही बोट चालते, ते ६१ दिवस बसून राहिलेत, त्यांना कोणी विचारत नाही.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी माझंच झालं.

हंगामाची पहिलीच फेरी. पहाटे चारच्या सुमारास तांडेलाने हाक मारली, तसा झोपेतून उठलो आणि थेट डेकवर. विंचने जाळं वर आणलं होतं, पिशवी कठड्याला अडकली होती. मी वाकलो, एका कुशीवर वळलो आणि जोराने हिसका दिला. कंबरेत कोणी सुरी खुपसली असं वाटलं. तांडेल विचारतोय, "काय झाला रे?" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बोट मागे फिरवावी लागली. डिझेल गेलं, बर्फ गेला, बाकीच्या पोरांचा दिवस गेला. त्यानंतर मी तीन आठवडे आडवा. वाटा नाही, आणि बायको सकाळी बाजारात बसून दुपारी येऊन माझं करतेय. ते दिवस आठवले की अजून लाज वाटते.

पुढे दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "कामाला लागण्याआधी तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "चहा घेतो." "आणि?" "मिळाला तर आणखी एक चहा." त्या हसल्या. म्हणाल्या, "बोटीचं इंजिन थंड असताना एकदम फुल रेस देता का?" आता हा प्रश्न बोटवाल्याला विचारल्यावर तो काय बोलणार!

त्यांनी शिकवलं ते, आणि नंतर वाचून-विचारून कळलं ते, इथे सांगतो. आपल्याकडे 'व्यायाम' म्हटलं की लोक म्हणतात, दिवसभर दोरी ओढतो तो व्यायाम नाही का? तो कष्ट आहे. कष्टात तेच तेच स्नायू त्याच दिशेने आवळत जातात. ताण देणं म्हणजे त्यांना पुन्हा लांब करणं.

आधी स्नायूचा स्वभाव समजून घ्या. स्नायूच्या आत बारीक संवेदक असतात. स्नायू झटक्यात लांबला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून उलट हुकूम येतो, "आवळ!" हे डोक्याला विचारून होत नाही, आपोआप होतं. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो हाच प्रकार. म्हणून हिसका देऊन ताणलेला स्नायू सैल होण्याऐवजी आणखी घट्ट होतो. हळू ताणला आणि धरून ठेवला, तर ती खबर थंडावते आणि स्नायू हळूहळू सोडतो. दोरीचं आपल्याला माहीतच आहे: हळूहळू भार घेणारी दोरी टिकते, हिसक्याने तुटते.

आता प्रकार. आपल्या कामाला चार समजले तरी पुरे.

पहिला, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे हलता ताण. यात कुठेही थांबून धरून ठेवायचं नाही. सांधा जेवढा फिरतो तेवढा आरामात फिरवत राहायचा, आधी छोटा फेरा, मग मोठा. यामुळे अंग गरम होतं, स्नायूत रक्त खेळतं, सांधे मोकळे होतात. हा कामाच्या आधीचा ताण. जेटीवर बोटीत चढण्याआधी पाच-सात मिनिटं काढा. सुरुवातीला जागच्या जागी मिनिटभर पाय उचलत चाला. मग खांदे मागून पुढे आणि पुढून मागे दहा-दहा वेळा फिरवा. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवरून नेऊन बाजूला उघडा, जणू गार वाऱ्यात अंगाला मिठी मारताय आणि सोडताय, पंधरा वेळा. कंबरेवर हात ठेवून धड डावीकडे-उजवीकडे सावकाश वळवा, टाचाही थोड्या वळू द्या, म्हणजे सगळा पीळ मणक्यावर येणार नाही. मग खुर्चीत बसता-बसता उठल्यासारख्या अर्ध्या बैठका दहा. खांबाला धरून एक पाय पुढे-मागे झुलवा, दहा वेळा, मग दुसरा. शेवटी मनगटं गोल फिरवा आणि बोटं पूर्ण पसरून मुठी वळा. झालं.

पाय झुलवणं जेटीवरच करा. चालत्या बोटीत, ओल्या डेकवर एका पायावर उभं राहण्याचा शहाणपणा नको. बोटीत असाल तर दोन्ही पाय फाकवून, एका हाताने कठडा धरून फक्त खांदे, धड, मनगट आणि अर्ध्या बैठका करा. जाळं ओढण्याची वेळ मध्यरात्री आली तरी बंकवरून उठल्यावर दोन मिनिटं तरी हवीत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण मला ती उशिरा कळली. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांच्या मधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. चकती फुगलेली असताना पुढे वाकलं की तिच्यावर जास्त दाब येतो. तेव्हा झोपेतून उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरायला जाऊ नका आणि लगेच वाकून वजनही उचलू नका. आपली अर्धी कामं नेमकी याच वेळेला असतात. माझी कंबर गेली ती पहाटे चारला, बंकवरून उठून दोन मिनिटं झाली नसतील.

दुसरा प्रकार, स्थिर ताण. 'स्ट्रेचिंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच. स्नायू हळू लांब करायचा, ओढ जाणवली की तिथे थांबायचं आणि धरून ठेवायचं. १५ ते ३० सेकंद, प्रत्येक बाजूला दोन ते चार वेळा. वय जास्त असेल तर ३० ते ६० सेकंदांपर्यंत धरलं तर फायदा जास्त होतो. ओढ जाणवली पाहिजे, दुखता कामा नये. श्वास रोखू नका. श्वास सोडताना स्नायू थोडा आणखी सोडतो, ते तुम्हालाच कळेल.

हा ताण कामाच्या नंतर. याचं कारण आहे. एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त वेळ स्थिर ताण देऊन लगेच जोर लावायला गेलं, तर त्याची ताकद थोड्या वेळासाठी किंचित कमी पडते. अभ्यासांत हे वारंवार दिसलंय. दोरी ओढायच्या आधी ताकद कमी करून घेण्यात काय अर्थ? काम संपल्यावर, अंग गरम असताना, घरी आंघोळ झाल्यावर करा.

मी रोज करतो ते सांगतो. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी उताणं झोपायचं, टॉवेल किंवा जुना पंचा तळपायाला अडकवून गुडघा शक्य तेवढा सरळ ठेवत पाय वर घ्यायचा. उभं राहून वाकण्यापेक्षा हे कंबरेला बरं. जांघेच्या पुढच्या स्नायूसाठी एक गुडघा जमिनीवर टेकायचा, दुसरा पाय पुढे, पाठ सरळ ठेवून कंबर हळूच पुढे सरकवायची. दिवसभर गुडघे वाकवून बसणाऱ्यांचा हा स्नायू आखूड होतो आणि मग तो कंबर पुढे खेचत राहतो. दुखते कंबर, मूळ असतं जांघेत. पोटरीसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ. तसंच उभं राहून मग मागचा गुडघा थोडा वाकवायचा, म्हणजे आतला खालचा स्नायूही ताणला जातो. छातीसाठी दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून एक पाऊल पुढे. दोरी ओढून ओढून खांदे पुढे आलेले असतात, त्यांना हा उतारा.

आणि हाताचा पुढचा भाग विसरू नका. हात समोर सरळ, तळवा वर, दुसऱ्या हाताने बोटं खाली आणि आपल्याकडे ओढायची. मग तळवा खाली करून मूठ वळायची आणि मनगट खाली वाकवायचं. जाळं शिवणाऱ्यांनी हे तासातासाला करायला हरकत नाही. सुई-दोरा एवढीशी वस्तू, पण मनगट आणि अंगठा तेच तेच काम तासन्‌तास करतात. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर ती मनगटातली नस दबल्याची खूण असू शकते. तिथे नुसत्या ताणावर भागवू नका, दाखवून घ्या.

जाताजाता, स्थिर ताणाचेही दोन पोटभाग करतात. पंचाने, भिंतीने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाय वर नेला तर तो परक्या जोरावरचा ताण. कशाचाही आधार न घेता, स्वतःच्याच पुढच्या स्नायूने पाय वर धरून मागचा स्नायू ताणला तर तो स्वतःच्या जोरावरचा. दुसऱ्यात ताकदही लागते, म्हणून तो १०-१५ सेकंदच धरवतो.

तिसरा प्रकार हिसक्याचा ताण. वाकून पायाला हात लावायला उसळ्या मारत राहायचं, शाळेच्या पीटीत करायचो तसं. वर सांगितलेला "आवळ!" हा हुकूम इथे दर उसळीला सुटतो. काही खेळाडू प्रशिक्षकाच्या नजरेखाली तो करतात, त्यांचं त्यांच्यापाशी. चाळिशी ओलांडलेल्या, कंबर एकदा गेलेल्या खलाशाने त्याच्या वाटेला जाऊ नये. एवढंच.

चौथा प्रकार जोडीने करायचा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. आधी आवळ, मग सोड. अमेरिकेत १९४० च्या दशकात हर्मन कॅबॅट या डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या उपचारासाठी अशा पद्धतीवर काम सुरू केलं. मार्गारेट नॉट आणि डोरोथी व्हॉस या फिजिओथेरपिस्टांनी ती पुढे वाढवली. इंग्रजीत तिला पीएनएफ म्हणतात. करायचं असं: तुम्ही उताणे झोपा. जोडीदाराने तुमचा सरळ पाय उचलून टाच आपल्या खांद्यावर घ्यायची आणि ओढ लागेपर्यंत वर न्यायचा. आता तुम्ही टाचेने त्याच्या खांद्यावर खाली दाब द्या, पूर्ण ताकदीने नव्हे, निम्म्या जोराने, पाच-सहा सेकंद. त्याने पाय हलू द्यायचा नाही. मग एकदम सैल सोडा. पाय आता आधीपेक्षा थोडा आणखी वर जातो. तिथे २०-३० सेकंद धरायचा. असं दोन-तीन वेळा. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं काहीतरी जादू आहे. जोडीदार मस्करी करणारा नको मात्र. मेहुण्यासोबत मी एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं नाही. जोडीदार नसेल तर पंचाने एकट्यालाही जमतं. ताजी दुखापत असेल तर हा प्रकार नको.

बायकांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण त्यांचं काम उलटं आहे. आपण उभे राहून ओढतो, त्या बसून वाकतात. बाजारात विळीसमोर चार-पाच तास, मान खाली, पाठ गोल. त्यांनी दर अर्ध्या तासाला एक गिऱ्हाईक आटपलं की उभं राहायचं, दोन्ही हात कंबरेवर मागून टेकवायचे आणि हळू मागे वाकायचं, पाच वेळा. जेवढं पुढे वाकलं त्याचा हिशोब मागे वाकून चुकता करायचा. माझ्या बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "लोक काय म्हणतील, हिच्या अंगात आलंय?" आता बाजूच्या दोघीपण करतात. मानेसाठी बसल्या बसल्या कान खांद्याकडे न्यावा, २० सेकंद धरावा, मग दुसरी बाजू. मान गरागरा गोल फिरवू नये. डोक्यावरून पाटी वाहणाऱ्यांनी पाटी उतरवल्या उतरवल्या तर नाहीच नाही.

रांपणीची गोष्ट वेगळी. दोन्ही टोकांना माणसं दोरी धरून वाळूत टाचा रोवून मागे मागे सरकतात. सगळा जोर पोटऱ्या, मांड्या आणि खांद्यांवर. होडी जाळं टाकून वळसा घालून येईपर्यंत किनाऱ्यावर वेळ असतोच. तो गप्पांत जातो. गप्पा मारा, पण उभ्याने, पाय हलवत.

आता खरं बोलायचं तर ताणाने काय होत नाही तेही ऐका. पहिल्या फेरीनंतर दोन-तीन दिवस अंग ठणकतं ना, ते ताणाने फारसं टळत नाही. २०११ च्या कोक्रेन आढाव्यात बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा आधी ताण द्या की नंतर, ठणका नावापुरताच कमी झालेला दिसला. तेव्हा "ताण दिला तरी दुखतंय, सगळं खोटं आहे" असं म्हणून सोडू नका. त्यावर उपाय म्हणजे बंदीच्या शेवटच्या दोन आठवड्यांतच थोडं थोडं वजन उचलायला, चालायला सुरुवात करणं. जुलै संपत आलाय, अजून वेळ आहे. ताणाचं काम सांधा पूर्ण फिरता ठेवणं आणि आखडलेलं सैल करणं. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी नेमाने करावं लागतं, रोज केलं तर उत्तम.

एका ठिकाणी मात्र ताण जागच्या जागी काम करतो: पोटरीत गोळा आला तर. पाय सरळ करा, पायाची बोटं हाताने धरून नडगीकडे ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरा. समुद्रात घाम जातो, पाणी प्यायलं जात नाही, म्हणून गोळा पुन्हा येतो. पाणी प्या, सोबत मिठाची पेज किंवा लिंबू-मीठ-साखर घ्या.

काही दुखणी ताणाची नव्हेत, ती ओळखा. कंबरेतून कळ पायात उतरते आणि पाऊल उचलवत नाही, किंवा जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येतो, लघवी अडते किंवा कळत नाही, तर तास घालवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात. तिथे उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात किंवा जबडा दुखतो, घाम फुटतो, तर तो आखडलेला खांदा नव्हे. चोळत बसू नका, बोट वळवा. आणि साखर असलेल्यांचा खांदा हळूहळू जखडत चालला असेल तर जोर करून उघडायला जाऊ नका. मधुमेहात खांदा गोठतो, त्याचे उपचार वेगळे.

बोटमालकांना दोन शब्द. एक खलाशी कमी झाला की काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. निघण्याआधी सात मिनिटं द्यायला डिझेल लागत नाही. आपल्या ट्रॉलरवर आता ओडिशा-झारखंडची पोरं जास्त. त्यांना मराठी-कोकणी पुरती कळत नाही, पण हे भाषणाने शिकवायचं कामच नाही. तांडेलाने पुढे उभं राहून केलं की पोरं बघून करतात. तांडेलाने नाही केलं तर कोणीच करत नाही, हेही बघितलंय.

आमच्या तांडेलाला पटवायला मला एक अख्खा हंगाम लागला. "नाच करूक इलंव काय आमी?" असं म्हणायचा. गेल्या वर्षी पहिल्या फेरीच्या पहाटे मी जेटीवर पोचलो तर हा खांबाला धरून पाय झुलवतोय आणि मागे पोरं रांगेत हात फिरवतायत. मला बघून ओरडला, "उशीर केलंस. चाय नंतर, आधी हंय येऊन उभो रव."